घळईतून दिसणारे आभाळ

कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीच्या ईशान्येला टायटस कॅन्यन नावाची घळई आहे. तिच्या तळातून कच्चा गाडीरस्ता जातो, आणि अखेरच्या टप्प्यात दोन्ही बाजूंचे चुनखडीचे कडे इतके जवळ येतात की काही ठिकाणी रस्त्याची रुंदी जेमतेम 20 फूट उरते. काही वर्षांपूर्वी त्या चिंचोळ्या भागात गाडी थांबवून मी खाली उतरले, तेव्हा गाडीच्या टपापेक्षा हातभर उंचीवर, कड्याच्या एका कपारीत, मला पक्ष्याचे घरटे दिसले. जवळ जाऊन पाहिल्यावर ते घरटे नसल्याचे लक्षात आले. क्रिओसोटच्या झुडपाच्या काड्या, वाळलेले गवत आणि चिखलाचे सुकलेले गोळे यांची ती मोळी होती, आणि तिच्यातील प्रत्येक काडी, कोणी कंगवा फिरवावा तशी, एकाच दिशेला वळलेली होती. ती दिशा आम्ही ज्या बाजूला निघालो होतो तीच, म्हणजे उताराची होती. पाणी कधी तरी त्या उंचीवरून वाहिले होते आणि जाताना ती मोळी तिथे ठेवून गेले होते.

वाळवंटातील घळयांमध्ये गाडी घालण्याचा नाद मला बरीच वर्षे आहे, आणि त्या नादापायी मी जे काही वाचले, पाहिले आणि थोडेफार सोसले, त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. अशा ठिकाणी पुराविषयीचा निर्णय घळईच्या तोंडाशी घ्यायचा असतो. आत शिरल्यानंतर जे उरते, त्याला निर्णय म्हणणे कठीण आहे. टायटस कॅन्यनचा रस्ता हे त्याचे चांगले उदाहरण आहे. 1926 साली लेडफील्ड नावाच्या खाणीच्या गावासाठी तो बांधला गेला. गाव वर्षभरही टिकले नाही, रस्ता मात्र राहिला. सुमारे 43 किलोमीटर लांबीच्या या रस्त्यावर वाहतूक एकेरी आहे. नेवाडाच्या बाजूने शिरायचे, सुमारे 5,250 फुटांवरच्या रेड पास या खिंडीतून लेडफील्डच्या पडक्या घरांकडे उतरायचे आणि मग घळईचा तळ धरून पश्चिमेला बाहेर पडायचे. सर्वांत अरुंद भाग अगदी शेवटी येतो, आणि तिथे पोहोचेपर्यंत मागचा सगळा डोंगर, म्हणजे तिथे पडणारे सगळे पाणी, आपल्या पाठीशी आलेले असते.

हे पाणी किती असू शकते, याचा हिशोब मी त्या रात्री मुक्कामी बसून कागदावर मांडला होता. समजा, एखाद्या घळईचे पाणलोट क्षेत्र फक्त 20 चौरस किलोमीटर आहे आणि त्यावर 25 मिलिमीटर पाऊस पडला. एकूण पाणी 5 लाख घनमीटर झाले. त्यातील निम्मे जमिनीत मुरले आणि निम्मे तासाभरात घळईतून बाहेर पडले, असे धरले, तरी सेकंदाला जवळजवळ 70 घनमीटर पाणी वाहते. ते सेकंदाला 4 मीटर वेगाने 6 मीटर रुंदीच्या फटीतून जायचे, तर त्याची खोली सुमारे 3 मीटर होईल. गृहीतके ढोबळ आहेत हे मान्य, पण ती दोन्ही बाजूंनी सैल करून पाहिली तरी उत्तर गाडी बुडण्याइतके येतच राहते. कपारीतील ती काड्यांची मोळी मग फारशी आश्चर्याची वाटली नाही.

पंचवीस मिलिमीटर पाऊस, म्हणजे एक इंच, हा बऱ्याच प्रदेशांत कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि वाळवंट म्हणजे तहानलेली जमीन, ती सगळे पाणी पिऊन टाकील, अशी आपली सहज समजूत असते. प्रत्यक्षात घळयांच्या वरच्या अंगाला बहुधा उघडा खडक असतो. जिथे माती आहे तिथे ती उन्हाने भाजून कडक झालेली असते. पावसाचे पहिले टपोरे थेंब तिच्यावर आदळतात, बारीक कण उडून रंध्रांत बसतात आणि वरचा थर लिंपल्यासारखा बंद होतो. पाणी अडवून धरायला झाडोरा नाही, पालापाचोळ्याची गादी नाही. त्यातच वाळवंटी पाऊस बहुधा रिमझिम पडत नाही. दुपारच्या तापलेल्या हवेतून उभे वाढलेले ढग थोड्याच जागेवर आणि थोड्याच वेळात सगळे ओतून मोकळे होतात. 5 ऑगस्ट 2022 रोजी डेथ व्हॅलीतील फर्नेस क्रीक येथे 1.46 इंच पाऊस नोंदला गेला. तेवढा पाऊस तेथील वर्षभराच्या सरासरीच्या सुमारे पाऊणपट होता. त्या दिवशी जवळजवळ हजार माणसे तिथल्या राष्ट्रीय उद्यानात अडकून पडली आणि साठेक गाड्या दगडगोट्यांच्या राड्यात रुतल्या. पुढच्या वर्षी 20 ऑगस्टला हिलरी वादळाच्या अवशेषांनी त्याच ठिकाणी एका दिवसात 2.20 इंच पाऊस पाडला.

तरीही पावसाचे आकडे हा या विषयाचा सोपा भाग आहे. अवघड भाग असा की तो पाऊस आपल्यावर पडतच नाही. घळईच्या तळातून आभाळाची जी पट्टी दिसते, ती निळी आहे म्हणून माणूस निश्चिंत राहतो, आणि त्या पट्टीचा पुराशी काहीही संबंध नसतो. ॲरिझोनातील लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये 12 ऑगस्ट 1997 रोजी 11 पर्यटक वाहून गेले, तेव्हा घळईपाशी पाऊस असा जवळजवळ नव्हताच. वादळ पाणलोटाच्या वरच्या भागात, कित्येक किलोमीटर दूर कोसळले होते. ती माणसे गाडीत नव्हती, पायी होती, हे खरे. पण पाण्याला तो फरक फारसा जाणवत नाही.

14 सप्टेंबर 2015 हा दिवस मी मुद्दाम अधिक तपशिलाने वाचला आहे, कारण त्या एकाच दिवशी, एकाच वादळी हवेत, जवळजवळच्या दोन ठिकाणी दोन वेगळ्या प्रकारांनी माणसे गेली. युटातील झायन राष्ट्रीय उद्यानात कीहोल कॅन्यन या फटीसारख्या अरुंद घळईत उतरलेला सात जणांचा गट संपूर्ण मृत्युमुखी पडला. तेथील व्हर्जिन नदीच्या उत्तर फाट्याचा प्रवाह त्या दिवशी अवघ्या 15 मिनिटांत सेकंदाला 55 घनफुटांवरून 2,630 घनफुटांवर गेला, म्हणजे जवळजवळ 48 पट झाला. तिथून फार लांब नसलेल्या हिल्डेल गावात, पाण्यामुळे ओढ्याकाठी अडलेल्या दोन गाड्यांना लोंढ्याने ओढून नेले. दोन्ही मिळून 16 जण होते, बहुतेक मुले. त्यातील तिघे वाचले. हे दुसरे उदाहरण आपल्यासारख्या गाडीवाल्यांनी अधिक लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण धोका फक्त पाण्यात गाडी घालण्यात नसतो, पाण्याच्या काठी गाडी उभी करून पाहत राहण्यातही असतो. काठ आपल्याला जिथे वाटतो तिथेच राहील, अशी हमी पूर देत नाही.

दक्षिण युटातील उद्यानांसाठी अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा रोज अचानक येणाऱ्या पुराचा अंदाज चार पायऱ्यांत देते: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य आणि अपेक्षित. या शब्दांचा मला सुरुवातीला फार घोळ होत असे. “शक्य” या पायरीचा अर्थ मी “आज बहुधा काही होणार नाही” असा लावत असे, आणि बहुतेक दिवस ते खरेही ठरे, हेच वाईट. त्या पायरीचा खरा अर्थ असा की कुठल्या तरी घळईत पूर येऊ शकतो, ती कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. आता मी अंदाज वाचताना माझ्या मुक्कामाचे ठिकाण पाहत नाही. नकाशावर घळईचे पाणी ज्या डोंगरांवरून येते त्यांची सीमा आधी काढून घेते आणि त्या भागावर दुपारी ढग वाढणार आहेत का, एवढेच पाहते. त्या प्रदेशात साधारण जुलै ते सप्टेंबर हा मान्सूनचा काळ असतो, ढग दुपारनंतर चढतात, त्यामुळे अरुंद भाग सकाळी लवकर ओलांडून मोकळे होणे हा शहाणपणा आहे. मात्र रात्री वरच्या बाजूला पाऊस झाला असेल तर सकाळीही तो उपयोगी पडत नाही. फोनवरच्या रडारच्या चित्रावर मी विसंबत नाही, कारण आत शिरल्यावर फोनला रेंज नसते आणि डोंगराआडचा पाऊस रडारलाही नीट दिसत नाही.

आता गाडीविषयी. इथे माझे काही मित्र नाराज होतील, पण मला असे वाटते की फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या, गाडीने वाळवंटात जितकी माणसे अडचणीतून बाहेर काढली, तितकीच अडचणीत नेऊनही घातली आहेत. स्नॉर्कल, म्हणजे टपाच्या उंचीवरून इंजिनाला हवा देणारी नळी, बसवला म्हणजे गाडी पाण्यात जाऊ शकते, असा एक समज आहे. स्नॉर्कलमुळे इंजिनाला कोरडी हवा मिळते, एवढेच. गाडीचे वजन त्याने वाढत नाही आणि टायरची पकडही वाढत नाही. उत्पादक गाडीच्या माहितीपुस्तकात पाण्याची जी खोली देतात, ती सावकाश ओलांडण्याच्या शांत पाण्याची असते. उधळलेल्या, गढूळ, तळ न दिसणाऱ्या प्रवाहाशी तिचा संबंध नाही.

साधा हिशोब पाहा. साडेचार मीटर लांब आणि 1.8 मीटर रुंद गाडीचा तळ सुमारे 8 चौरस मीटर भरतो. पाणी त्या तळाच्या वर 10 सेंटिमीटर चढले की गाडी सुमारे 800 लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे तिचे 800 किलो वजन पाण्याने उचललेले असते. दोन टनांची गाडी 25 सेंटिमीटरला तरंगते. तळ जमिनीपासून 22 सेंटिमीटर उंच धरला, तर एकूण पाणी झाले 47 सेंटिमीटर, म्हणजे दीड फुटाच्या किंचित वर. गाडीत पाणी शिरते, त्यामुळे हा आकडा थोडा मागेपुढे होतो. नव्या गाड्यांच्या दारांना चांगले रबर असते, पाणी आत यायला वेळ लागतो आणि म्हणून त्या जास्तच छान तरंगतात. मोठे रुंद टायर लावले तर तेही हवेने भरलेले फुगेच असतात, हे कोणी सहसा सांगत नाही. शिवाय गाडी पूर्ण तरंगेपर्यंत संकट वाट पाहत नाही, कारण पाणी जसजसे चढते तसतसा टायरवरचा भार कमी होतो, आणि बाजूने रेटणारा जोर प्रवाहाच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. हवामान सेवेचे ठोकताळे या हिशोबाशी जुळतात: 6 इंच वाहते पाणी धडधाकट माणसाला पाडू शकते, एक फूट पाणी बहुतेक लहान गाड्या वाहून नेते आणि दोन फूट पाण्यापुढे एसयूव्ही व ट्रकही टिकत नाहीत. घळईतील पाणी नुसते पाणीही नसते. त्यात वाळू, गोटे, ओंडके असे सगळे असते, आणि ते सगळे दाराच्या पत्र्यावर येऊन आदळते.

काही सरकारांनी हा मोह कायद्याने आवरायचा प्रयत्न केला आहे. ॲरिझोनात 1995 पासून असा नियम आहे की अडथळे ओलांडून पुराच्या पाण्यात गाडी घालणाऱ्याकडून सुटकेचा खर्च वसूल करता येतो. लोक त्याला सरळ “मूर्ख चालकांचा कायदा” म्हणतात. संयुक्त अरब अमिरातीत 2023 पासून पूर आलेल्या वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रात, शिरणाऱ्याला 2,000 दिरहम दंड, परवान्यावर 23 काळे गुण आणि 60 दिवस गाडी जप्त अशी शिक्षा आहे. दंड बाहेर आल्यावर भरायचा असतो, ही त्यातली चांगली बाजू.

आत असताना पूर येतो आहे हे कसे कळते, असे मला अनेक जण विचारतात. खुणा आहेत. वारा नसताना घळईतून एकाएकी थंड झुळूक येते, तिला ओल्या मातीचा वास असतो. झिरपणारे स्वच्छ पाणी गढूळ होते, त्यात काड्या आणि फेस दिसू लागतो. मग आवाज येतो. काहींना तो आगगाडीसारखा वाटतो. पण या खुणा ऐकायला गाडीच्या काचा खाली असाव्या लागतात आणि इंजिन बंद असावे लागते, आणि ऑफ-रोडिंग करणारा माणूस बहुतेक वेळ नेमका याच्या उलट स्थितीत असतो. अरुंद भागाआधी थांबून, दोन मिनिटे इंजिन बंद करून ऐकण्याची सवय मी लावून घेतली आहे. सोबतचे कंटाळतात, त्याला इलाज नाही.

खूण पटल्यावर काय करायचे, हे मात्र एका वाक्यात सांगता येते: गाडी सोडायची आणि चढायचे. गाडी वळवायची नाही, सामान काढायचे नाही, पुढे पळून सुटू असे म्हणायचे नाही. खडबडीत तळातून आपली गाडी ताशी 10-15 किलोमीटरने चालते, आणि लोंढा तेवढ्या वेगाने सहज धावू शकतो. त्याला वळणावर ब्रेक लावावा लागत नाही. म्हणून आत जाताना दर वळणाला, चढता येईल अशी जागा कुठे आहे हे मनात टिपत जावे लागते: कड्याखालचा दगडांचा उतार, एखादा बसका टप्पा, जुनी झुडपे टिकून असलेला बांध. जुनी झुडपे हा चांगला पुरावा असतो, कारण पाणी तिथवर नेहमी येत असते तर ती तिथे नसती. सरळ गुळगुळीत भिंतींच्या मध्ये अर्धा किलोमीटर अशी जागाच नसेल, तर त्या अर्ध्या किलोमीटरसाठी दिवस निवडूनच जावे. गाडीसकट पाण्यात सापडलाच, तर पट्टा सोडून काच लगेच खाली करावी, कारण विजेवर चालणाऱ्या काचा भिजल्यावर रुसतात आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार उघडत नाही. पाणी आत चढू लागले तर टपावर जावे. तंबू तळात ठोकू नये हे सांगायची गरज नसावी, पण वाळू मऊ आणि सपाट असते, आणि दिवसभर दगडांवर हाडे खिळखिळी झालेल्या माणसाला मऊ वाळू फार बोलावते.

मी स्वतः लोंढ्याचे तोंड एकदाच पाहिले आहे. दक्षिण युटातील एका कच्च्या रस्त्यावर, ऑगस्टच्या अखेरीस, आमच्या दोन गाड्या दुपारी चारच्या सुमारास एका कोरड्या ओढ्यापाशी पोहोचल्या. पात्र चाळीसेक फूट रुंद, वाळू पांढरी, वर आभाळ स्वच्छ. फक्त उत्तरेच्या पठारावर ढगांचा एक राखाडी गठ्ठा बसलेला होता. पुढच्या गाडीतला मित्र पात्रात उतरून छायाचित्रे काढत होता. प्रथम वाळक्या पाचोळ्यातून गुरे चालावीत तशी खसखस ऐकू आली. मग वळणावरून पाण्याची एक जीभ आली, चार बोटे खोल, चालत्या माणसाच्या वेगाची. पाणी असे दिसतच नव्हते. पुढे काड्या, फेस, जुनिपरची फळे आणि जीव वाचवायला धडपडणारे काळे किडे यांची एक सरकती किनार होती आणि ती वाळूवर कुरकुरत पुढे येत होती. मित्र हसत बाजूला झाला आणि म्हणाला, “एवढंच? आत्ता पटकन काढतो गाडी पलीकडे.” मी त्याला हाताला धरून वर ओढले, यात शौर्य नव्हते, मला नुसती भीती वाटली होती. घड्याळात चार मिनिटे झाली तेव्हा पाणी मांडीएवढे होते आणि त्याच्या तळातून दगड एकमेकांवर आपटल्याचे घुमे आवाज येत होते, ते कानांपेक्षा तळपायांना अधिक जाणवत होते. त्यानंतर कोणी काही बोलले नाही. आम्ही गाड्या आणखी शंभर फूट मागे, चढावर नेल्या.

रात्र तिथेच काढली. बारा वाजता ओसरत आलेले पाणी एकदा पुन्हा फुगले, बहुधा कुठल्या तरी उपफाट्याचे पाणी उशिरा येऊन मिळाले असावे, आणि पहाटे तीनच्या सुमारास आवाज थांबला. उजाडल्यावर पाहिले तर आमच्या बाजूचा रस्ता पात्रापाशी पोहोचण्याआधीच संपत होता. तिथे चार फुटांचा उभा कापलेला कडा तयार झाला होता, जणू कोणी फावड्याने तासून ठेवला आहे. आदल्या दिवशी मित्र जिथे उभा होता तिथे पाणथळ खड्डा होता, आणि त्याच्या कडेच्या चकाकत्या चिखलात आम्ही तंबूची काठी रोवून पाहिली, तर ती कसलाही प्रतिकार न होता मुठीपर्यंत आत गेली. पलीकडच्या काठावर एक गाडी आली, चालक उतरला, त्याने थोडा वेळ खाली पाहिले, आमच्याकडे हात हलवला आणि तो माघारी वळला. आम्हीही वळलो, साठ किलोमीटरचा वळसा पडणार होता.

निघण्याआधी समोरची काच पुसायला मी फडके घेतले. आदल्या सकाळी मित्राने तिच्यावरच्या धुळीत बोटाने एक बाण काढला होता, पुढे चला म्हणून. तो जसाच्या तसा होता. आमच्यावर एक थेंबही पडला नव्हता.